चार नंबरचा निबंध

तत्त्वज्ञान विभागात मी एकोणतीस वर्षं कारकुनी केली. दिवसभर सत्यावर बोलणाऱ्या माणसांना संध्याकाळी स्वतःच्या खोलीची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, एवढं मला तिथे कळलं. किल्ल्या माझ्याकडे असायच्या. शिक्के माझ्याकडे असायचे. त्या वर्षी नंबरही माझ्याकडेच होते, म्हणून हे सांगायची पाळी माझ्यावर आली आहे.

विभागात कायमचे अकरा प्राध्यापक. त्यात नऊ पुरुष, दोन बायका, आणि सगळे अशा घरांतले, जिथे पुस्तकांना वेगळी खोली असते. एक दिवस वरून पत्र आलं, की तुमच्याकडे सगळी माणसं एकाच साच्यातली कशी? विभागप्रमुखांना ते पत्र फार लागलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा माणूस. त्यांनी लगेच समावेशन समिती नेमली आणि तिचं सगळं लिखाण बबीच्या गळ्यात घातलं. तिच्याशिवाय समावेश करायला होतंच कोण?

बबी म्हणजे आमच्या हंगामी मॅडम. त्यांची आई सव्वीस वर्षं याच इमारतीत झाडलोट करायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिचं नाव काय, असं मी एकदा नीतिशास्त्राच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, मावशीच ना?" शाळा सुटली की बबी माझ्या टेबलाखाली बसून जुन्या प्रश्नपत्रिका वाचायची. मावशीचा एकच नियम होता. पोरीने झाडूला हात लावायचा नाही. एकदा ती आईला मदत म्हणून बादली उचलायला गेली, तर मावशीने तिच्या हातावर चापट मारली. "ते माझं. तू तुझे कागद सांभाळ." त्या दिवशी पोर रडली, पण पुन्हा बादलीजवळ गेली नाही.

तीच पोर पुढे पहिली येत येत आमच्याच विभागात शिकवायला लागली. हंगामी. दरवर्षी नवा आदेश, दरवर्षी तीच धाकधूक. इतरांना नको असलेले तास तिला. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर फोटो मात्र तिचा. समितीचे अहवाल, पाहुण्यांची भाषणं, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, सगळं तीच बघायची. "तुझं पुस्तक कधी पुरं होणार गं?" असं मी विचारलं की म्हणायची, "काकू, आधी समावेश होऊ दे, मग पुस्तक."

सात वर्षं झाली की हंगामी माणसाला पुन्हा घेता येत नाही, असा नियम. तिचं सातवं वर्ष चालू होतं तेव्हाच सहा वर्षांनी एक कायमची जागा सुटली. मिळाली तर जन्माची सोय, नाहीतर रस्ता.

प्रमुखांनी ठरवलं की या वेळी निवड अगदी नव्या पद्धतीने करायची. प्रत्येक उमेदवाराने एक निबंध द्यायचा, त्यावर नाव नको. समितीने फक्त नंबर बघायचा, गुण लिहून सही करायची आणि मगच नावं उघडायची. कुणी आधी नाव फोडलं तर सगळी निवड रद्द आणि जागा परत. नंबर घालायचं काम माझं. मी पाच चिठ्ठ्या केल्या, एकेक उचलली, नंबर टाकले. काळ्या शाईने नावं खोडली, पण उजेडात धरलं तर अक्षरं दिसत होती, म्हणून खोडलेल्या पानांच्या पुन्हा प्रती काढल्या. तळटिपांत 'मी पूर्वी म्हटल्याप्रमाणे' असं असेल तर तेही खोडलं. मग नावांची यादी पाकिटात घालून त्यावर विभागाचा शिक्का मारला.

खोडता खोडता वाचणं होतंच. बबीला दोन नंबर आला होता. तिचा निबंध न केलेल्या गोष्टींबद्दल होता. घरात पाच माणसं आहेत, दार उघडं राहिलं, मांजर पळून गेलं. दार पाचांपैकी कुणीच लावलं नाही, मग मांजर कुणामुळे गेलं? त्या मांजरावरून तिने वीस पानं अशी काही विणली होती, की माझ्यासारखी बाईसुद्धा जेवणाची सुट्टी विसरून वाचत बसली. पाचांनाही ती शेवटी सोडत नव्हती. प्रत्येकाला विचारत होती, तू दाराच्या किती जवळ होतास?

चार नंबर होता एका डॉक्टरांच्या मुलाचा. सफाई कामगारांच्या हातांना असलेलं ज्ञान, असा विषय. तीन आठवडे कुठल्याशा वसतिगृहात जाऊन तो कामगारांशी बोलून आला होता. फरशी, फिनेल, ओल्या फडक्याचा स्पर्श. शब्द फार, सांगणं थोडं. एका जागी लिहिलं होतं की पुसणारा हात फरशीशी संवाद साधतो. मला मावशीच्या सुजलेल्या गुडघ्यांची आठवण झाली आणि मी पान उलटलं.

समितीत चौघे होते. प्रमुख, तर्कशास्त्राचे सर, नीतिशास्त्राच्या मॅडम आणि एक बाहेरचे तज्ज्ञ. ते तज्ज्ञ प्रवासभत्त्याचा कागद माझ्या हातात देऊन डुलक्या घेऊ लागले. इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात मी.

"प्रश्नच नाही," तर्कशास्त्राचे सर म्हणाले. "दोन नंबर. बाकीचे जवळपासही नाहीत."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी मान खाली घालून लिहायला लागले.

"निबंध उत्तम आहे, मान्य," मॅडम म्हणाल्या. "पण चार नंबर वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. हे आतून आलेलं आहे. कुणाचं आहे ते काय सांगायला हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला!"

"अंदाज करायचा नाही," प्रमुख म्हणाले खरे, पण गालातल्या गालात हसत होते. "नियम म्हणजे नियम."

"मी कुठे नाव घेतलं?"

"पण दोन नंबर चार बोटं वर आहे," सर म्हणाले.

"असेल ना. पण तो कोण असणार? आपल्यासारख्याच घरातला कुणीतरी. कसा सफाईदार लिहिलाय बघा. त्याला कुठेही जागा मिळेल. हिला..." मॅडम थांबल्या. "म्हणजे चार नंबरला, आपण नाही दिली तर कोण देणार? शेवटी ते पत्र आपल्यालाच आलंय."

प्रमुख हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं आपण फक्त सफाईदारपणालाच गुण दिले. एकदा तरी वेगळा आवाज ऐकू या."

मी तिथे बसले होते, तीन हातांवर. दोन नंबर कुणाचा ते त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. नुसती खोकले असते, पेन खाली टाकलं असतं, तरी कुणी वर बघितलं असतं. मी स्वतःला सांगितलं, की बोलले तर निवड रद्द होईल, जागा परत जाईल आणि पोरीचं वर्ष तर संपतंच आहे. ते खरं होतं. पण माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, हेही खरं होतं, आणि यातलं कुठलं कारण आधी मनात आलं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. मी मूग गिळून बसले. त्यांनी गुण लिहिले, तज्ज्ञांना उठवून त्यांची सही घेतली, सरांनीही कुरकुरत केली. चार नंबर पहिला, दोन नंबर दुसरा.

मग पाकीट फोडलं.

प्रमुखांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मॅडमनी कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

"असं कसं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, नंबर तुम्हीच घातलेत ना? काही उलटसुलट तर नाही झालं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मूळ पाच निबंध त्यांच्यासमोर आपटले. नंबर बरोबर होते. चूक नंबरांची नव्हतीच.

"मग सोपं आहे," तर्कशास्त्राचे सर म्हणाले. "मी पहिल्यापासून दोन नंबर म्हणतोय. गुण बदला."

"छे, छे!" प्रमुख एकदम ताठ झाले. "नाव बघून गुण बदलले तर आपल्यात आणि पूर्वीच्या लोकांत फरक काय राहिला? आपण नाव न बघता निवडलं. यापेक्षा न्याय्य काय असतं?"

आणि खरं सांगते, ते वाक्य झाल्यावर सगळ्यांचे चेहरे निवले. मॅडम पाणी प्यायल्या. तज्ज्ञ म्हणाले, "तत्त्व पाळलं गेलं, हे महत्त्वाचं." मी इतिवृत्तात लिहिलं: निवड संपूर्णपणे नावाविना, एकमताने. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी बबीला बोलावून चहा दिला. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"कमी काय पडलं, सर?" तिने विचारलं.

"काही नाही गं, निबंध उत्तमच होता. फक्त... तू त्यात कुठे दिसली नाहीस. तुझं जे जगणं आहे, ते आणायला हवं होतंस. लोकांना तुझ्याकडून ते ऐकायला आवडेल." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि समितीचं काम सोडू नकोस हं. मानधन देता येणार नाही, पण निमंत्रित सदस्य म्हणून यायचं. तुझ्याशिवाय आम्हाला सुचणार नाही."

ती बरं म्हणाली. कप विसळल्याशिवाय कधी न ठेवणारी ती मुलगी अर्धा चहा तसाच टाकून उठली.

मी तिला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कोण काय बोललं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, चार नंबर कुणाचा होता. मला वाटलं, आपला निबंध पहिला होता हे कळलं तर पोरीचा जीव जरा थंड होईल. तेव्हा बोलायला हवं होतं, नंतर गप्प बसायला हवं होतं. मी दोन्ही वेळा उलटं केलं.

ती कठड्याला टेकून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे काकू, त्यांनी मलाच निवडलं होतं. फक्त मी तिथे नव्हते." मग हसली. ते हसू मला अजून झोपेत दिसतं. तिने मला विचारलं नाही, की तू दाराच्या किती जवळ होतीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अडीच महिने ती दिसली नाही. तिच्या जागी डॉक्टरांचा मुलगा आला. मुलगा चांगला, मला नमस्कार करायचा. नवीन सफाईवाल्या बाईलाही मावशीच म्हणायचा. माहितीपत्रक दुसऱ्यांदा छापून आलं. फोटो तोच, बबीचा. मी प्रमुखांना म्हटलं, अहो, ती आता इथे नाही. ते म्हणाले, "फोटो चांगला आहे, बाई. आणि ती मनाने आपल्यातच आहे."

एका रविवारी दुपारी मी मावशीकडे गेले. दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. मावशी खुर्चीत पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना पट्ट्या. बबी समोर स्टुलावर, मांडीवर वही. मला बघून तिने नुसती मान हलवली.

"दुसऱ्या एका विभागात जागा निघालीय, काकू. त्यांची पद्धतही तीच. नाव नाही, नुसता निबंध." आणि आईकडे वळून म्हणाली, "हं, सांग ना आई. फरशी पुसताना तुला काय वाटायचं?"

"काय वाटणार? गुडघे दुखायचे."

"ते झालं गं. पण मनात? हातांना काय कळायचं? म्हणजे फडकं ओलं असलं, की..."

"फडकं ओलं असलं की ओलं असतं." मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हिला काय झालंय हो? चार दिवस झाले, हेच चाललंय. एवढी शिकली, मोठमोठं लिहायची, मला एक अक्षर कळायचं नाही आणि मला किती बरं वाटायचं. त्या मांजराचं काय झालं?"

"मांजर ठेवलं बाजूला," बबी म्हणाली. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मी वाकून बघितलं. तीन ओळी होत्या. पुसणाऱ्या हाताविषयी. वाईट होत्या, अगदी चार नंबरइतक्याच वाईट, आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"बबे, नको गं," मी म्हटलं. "तुझं हे नाही."

"माझं काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, काकू." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मी भांडले असते.

ती उठली. मोरीजवळ बादली होती, काठावर फडकं वाळत टाकलेलं. तिने बादलीत पाणी घेतलं, फडकं बुडवलं आणि खोलीच्या मध्यावर येऊन गुडघ्यांवर बसली. फडकं धरलं होतं दोन्ही हातांनी, पुस्तक धरावं तसं. सगळीकडे पाणी सांडलं.

"ठेव ते!" मावशी ओरडली. "ठेव म्हणते ना! सव्वीस वर्षं मी कशाला..." चापट मारायला तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"आई, मला येत नाही," बबी खाली बघत म्हणाली. "मला खरंच येत नाही. लिहिलं तर लगेच कळेल त्यांना. तू नीट दाखव ना, कसं धरायचं."

माझ्याकडे बघायची मावशीला लाज वाटली असावी. मीही खिडकीकडे तोंड केलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग गुडघे टेकताना मावशी कण्हली. मी वळून बघितलं तेव्हा मावशीने लेकीची बोटं आपल्या हातात घेतली होती आणि एकेक करून फडक्यावर बसवत होती.

"असं नाही," ती म्हणत होती. "अंगठा आत घे. आता दाब."