एकशेचाळीस अंशांचा कोन

गणिताचे मास्तर सीतारामराव निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. शहाण्णव साल. तंजावुरात तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटर सेंटरं उगवत होती. त्यातलंच एक गणेशकुमारचं. चाचणी परीक्षेत ज्याचा पहिला नंबर येईल त्याला वर्षभर फुकट शिकवणार, अशी पाटी त्यानं दारावर लावली होती. पेपर तपासायला बोलावलं रावांना.

सतरावा प्रश्न भूमितीचा होता. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, त्यांच्यामधला वरचा कोन चाळीस अंशांचा. पाया एका बाजूनं पुढे वाढवला, तर बाहेरचा कोन किती? खालचे दोन कोन सत्तर-सत्तर, म्हणून बाहेरचा एकशेदहा. यात अवघड ते काय?

साठांपैकी एकोणसाठ जणांनी एकशेचाळीस लिहिलं होतं. एकशेऐंशीतून चाळीस वजा केले, झालं काम. म्हणजे खालचे कोन चाळीस-चाळीस, आणि तिन्ही मिळून एकशेवीस. असला त्रिकोण ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. रावांना शिसारी आली. चूक होते, माणूस आहे. पण एकोणसाठ डोकी एकाच आकड्यावर चुकतात, ही उष्ट्या पानावरची पंगत होती.

एकशेदहा एकीनंच लिहिलं होतं, कारणांसकट. पापनाशम गावची वासुकी. हे पाच मार्क धरले तर ती पहिली, नाहीतर दुसरी. दुसरीला फुकट काही नव्हतं.

"मामा, उत्तरांच्या कागदावर एकशेचाळीस आहे," गणेशकुमार म्हणाला. "अस्क्या पोरांनी तेंच लिहिलंय की."

"कागद कोणी केला?"

"गाईडातून उतरवला. सगळे तेंच वाचतात."

"मक्षिकास्थाने मक्षिका. कुठल्या गाढवाचं गाईड ते?"

गणेशकुमार घुटमळला. मग टेबलाच्या खणातून पुस्तक काढून त्यानं पुढे ठेवलं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत होतं: तपासणी, एस. सीतारामराव, एम. ए.

तंजावुरात निवृत्त मास्तराचं नाव असल्याशिवाय गाईड खपत नाही. दोन वर्षांपूर्वी छापणारा घरी आला होता, शाल आणि फळांचं ताट घेऊन. रावांनी शाल पांघरून घेतली, सही केली आणि पुस्तक एकदाही उघडलं नाही. आता उघडलं. एकशेचाळीस.

"तुमचं नांव कशास घालवायचं, मामा?" गणेशकुमार हळूच म्हणाला. "पोरगी दुसरी आली तर काय बिघडतंय? तिला कुठं कळतंय."

पोरांची किळस आली होती, या गाईडवाल्याची आली होती. पण या मायाळू आवाजाला आपण क्षणभर मान डोलावली, त्याची किळस सगळ्यांत मोठी होती.

त्यांनी वासुकीच्या पेपरावर पाच मार्क मांडले. मग कोरा कागद ओढला आणि तमिळमध्ये लिहिलं: सतराव्याचं बरोबर उत्तर एकशेदहा. गाईडातलं चूक आहे. मी ते न वाचता सही केली.

"निकालाशेजारी चिकटव," ते म्हणाले.

खाली त्यांनी पूर्ण नाव घातलं. पुढे सवयीनं एम. ए. लिहायला हात गेला, तो त्यांना पुढे नेववेना.