धनश्रीचे उपास

आमच्या घरात पोरीनं जेवण टाकलं तर चौकशी होते, उपास धरला तर कौतुक होतं. धनश्रीला हे सोळाव्या वर्षीच कळलं. मला चाळिशी उलटली तरी कळलं नव्हतं.

धनश्री माझी पुतणी. सौंसरला आम्ही एकाच घरात राहतो. तिचे वडील वसंतराव, माझे मोठे दीर, शाळेत शिक्षक आहेत. मोहगावला लग्नाला जायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. जेवताना पोरीनं तिसरी पोळी घेतली. वसंतरावांची तेव्हा चौथी चालू होती. ते हसत म्हणाले, "बस कर व माय. उद्या तुले दोन साड्या जोडून नेसवा लागन."

सगळे हसले. धनश्रीही हसली आणि तिनं पोळी परत टोपल्यात ठेवली.

त्याच आठवड्यात तिनं गुरुवार धरला. मग सोमवार, मग चतुर्थी, मग शनिवार. आधी साबुदाण्याची उसळ तरी खायची, पुढे निरंकार, म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या जाऊबाईंचा, ऊर भरून आला. शेजारणींना सांगत सुटल्या की आजकालच्या पोरींना मोबाइल सुटत नाही, आमचीनं अन्न सोडलं. मला भयंकर राग यायचा. देवाच्या नावावर काहीही खपतं आमच्याकडे.

एका मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर धनश्री ओट्यापाशी उभी राहून डब्यातल्या कोरड्या पोळ्या भराभर तोंडात कोंबत होती. धड चावतही नव्हती. मला पाहून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं बुधवारही धरला. मी जाऊबाईंना स्पष्ट सांगितलं की ही भक्ती नाही, भीती आहे. त्या म्हणाल्या, तुला माझ्या पोरीचं चांगलं झालेलं पाहवत नाही. मग बरेच दिवस बोलल्याच नाहीत माझ्याशी.

शेवटी शाळेत प्रार्थनेच्या वेळी पोरगी कोसळली. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाळीचं विचारलं. कितीतरी महिने पाळी आलेली नव्हती आणि आईला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, उपास आजपासून बंद, हिला दोन्ही वेळ पोटभर जेवू घाला, नाहीतर भरती करावं लागेल. परतताना बसमध्ये जाऊबाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मला वाटलं, चला, डोळे उघडले एकदाचे.

सोमवारी मी मुद्दाम वरण-भात आणि वांग्याची भाजी केली. धनश्री येऊन वडिलांशेजारी जेवायला बसली. बराच वेळ ताटाकडे पाहत राहिली, मग तिनं भात कालवला. घास उचलला होता तिनं, खरंच उचलला होता. तेवढ्यात जाऊबाई ओल्या केसांनी महादेवाच्या देवळातून आल्या आणि पोरीच्या कपाळाला अंगारा लावत म्हणाल्या, "खा व बाई. तुह्यासाठी म्या सोळा सोमवार धरले. तू जेवाले लागली पाह्यजे."

धनश्रीनं घास ताटात ठेवला.

"आई उपाशी राहीन अन् मी जेवून राहू का? नाही जमत, काकू."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिला सुटल्यासारखं झालं होतं. ते मला दिसलं, तिच्या आईला नाही. आईचे डोळे भरून आले होते. पोरीला जवळ घेऊन त्या मला म्हणाल्या, पाहा, किती गुणाची आहे माझी लेक.

मी ओरडले नाही. कोणावर ओरडणार होते? शेजारी बसलेल्या वसंतरावांनी ताट पुढे सरकवलं. भाजी छान झाली म्हणाले, आणि या दोघींच्या वाटच्या पोळ्या उरल्याच आहेत तर अजून एक वाढ म्हणाले. मी वाढली.