हरण्याचं उपोषण

"दत्ताराम, मेल्या, ह्या कुत्र्याक जेवूक घालतंस की नुसतो आरसो दाखयतंस? हाडां मोजूक येतत रे त्याची!"

सुंदराबाईंनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं. दादरच्या आमच्या चाळीत खाजगी गोष्टी विचारायची हीच पद्धत होती.

"काकी, ती जातच तशी असता," दत्ताराम पुटपुटला.

दत्ताराम मिलमध्ये फिटर. यंत्रं त्याचं ऐकत. माणसांना ऐकवायला तो कधी गेलाच नाही. एकटा जीव, आणि 'नको' हा शब्द त्याच्या तोंडून चाळीनं ऐकलेला नव्हता. छप्पन साली त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं निपाणीहून एक पिल्लू आणून दिलं. कारवानी जातीचं. वर्षभरात त्याचा हरण्या झाला. लांब तोंड, त्याहून लांब पाय, पोट पाठीला टेकलेलं आणि चेहऱ्यावर निवृत्त मामलेदाराचा तुटकपणा. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. कुणी लाडानं हात लावला की तो उठून दुसरीकडे जाऊन बसे. अंगावर मांस नाही म्हणून त्याला फरशी टोचायची, तेव्हा दत्तारामनं स्वतःची गोधडी त्याला दिली आणि आपण चटईवर आला.

रोज सकाळी शिवाजी पार्कवर तो साखळी सोडी. हरण्या पळू लागला की क्रिकेटवाले बॅटी टेकून बघत राहत. जन्मात कशातही पहिला न आलेला दत्ताराम तेवढा वेळ छाती काढून उभा असे.

पण चाळ दयाळू होती. बरगड्या दिसणारा प्राणी तिला बघवेना. कुणी मटणाची हाडं, कुणी शिळी पुरणपोळी. कालिंदीबाई एकादशीला साबुदाण्याची खिचडी घालीत. सुंदराबाईंचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी हात अजून दोघांचाच भात लावी. तो दुसरा भात बांगड्याच्या कालवणासकट हरण्याकडे जाऊ लागला.

अठ्ठावन्न साली हरण्या चौरंगासारखा दिसू लागला. चाळीला समाधान वाटलं. एका सकाळी तो पार्कवर दहा पावलं पळाला आणि बसला. मग त्यानं दत्तारामकडे पाहिलं.

दत्तारामनं त्याला खांद्यावर घातलं आणि थेट परळचं जनावरांचं इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, "या जातीच्या शेवटच्या तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. काळजावर ताण आलाय याच्या. असंच चाललं तर वर्ष काढायचा नाही."

"शेजारी घालतात, साहेब."

"मग नको म्हणा त्यांना."

डॉक्टर हुशार होते, पण औषध कुणाला देतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. दत्ताराम बावीस बिऱ्हाडांच्या दारात जाऊन आला. चौदा ठिकाणी चहा झाला. 'नको' कुठेच झालं नाही.

त्याच आठवड्यात नाक्यावर संयुक्त महाराष्ट्रासाठी लाक्षणिक उपोषणाचा मांडव पडला होता. गळ्यात पाट्या अडकवून माणसं बसली होती आणि समोरचा भजीवालासुद्धा कढईवर झाकण ठेवून उभा होता. दत्ताराम ती झाकलेली कढई बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी हरण्याच्या गळ्यात पुठ्ठा होता. 'संयुक्त महाराष्ट्रासाठी उपोषण. कृपया खाद्यपदार्थ देऊ नयेत.'

चाळ पुठ्ठा वाचायला जमली. समितीच्या प्रत्येक मोर्चात पुढे असणारे रमाकांत मास्तर चष्मा काढून म्हणाले, "मुक्या जनावराला कळतं, दिल्लीला कळत नाही!" त्यांनी हरण्याला हार घातला. हरण्या उठून दुसरीकडे जाऊन बसला. पुरणपोळ्या त्या दिवसापासून बंद.

सुंदराबाई मात्र आत आल्या आणि त्यांनी दार लोटलं. "आता खरां सांग."

दत्तारामनं सांगितलं. काळीज, बरगड्या, वर्ष, सगळं.

त्यांनी पदराचं टोक पिळलं. "म्हणजे माझ्या भातान मरत होतो तो?"

"काकी, डॉक्टरांनी संध्याकाळची एक भाकरी नि वाटीभर मटण सांगितलाहा. ता दार लोटून तुम्हीच घाला. दुसऱ्या कोणाक मी..." दत्तारामनं पुठ्ठ्याची दोरी सारखी केली. "नको म्हणान सांगेन."

सहा महिन्यांत तिन्ही बरगड्या वर आल्या. पार्कवर पुन्हा बॅटी टेकल्या.

मग साठ सालची एक मे उजाडली. दारोदारी तोरणं लागली. मास्तर लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन दत्तारामच्या दाराशी आले. मागे श्रीखंड, पेढे, पुऱ्या, बावीस बिऱ्हाडांची ताटं.

"हरण्या, सोड उपोषण! मिळाला महाराष्ट्र!"

दत्तारामचं तोंड उघडलं. 'न' पर्यंत आलं आणि अडलं. हरण्या श्रीखंडाकडे बघत होता, तुटकपणे, पण बघत होता.

गर्दीतून सुंदराबाई पुढे झाल्या आणि हातात पळी घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"मास्तर, कुत्रो खंयचो?"

"निपाणीचा."

"निपाणी गावली?"

मास्तरांचा पेला हळूहळू खाली आला. निपाणी तिकडे म्हैसूर राज्यातच राहिली होती. बेळगाव तिकडे, कारवार तिकडे.

"मगे तो उपास कसो सोडतलो?"

मास्तरांनी हरण्याला नमस्कार केला आणि सरबत स्वतःच प्यायले. ताटं एकेक करून परत गेली.

संध्याकाळी सुंदराबाईंनी भाकरी कुस्करली, वाटीभर मटण मोजून घातलं. त्याचं खाणं झाल्यावर त्यांनी त्याच्या कुशीवरून बोटं फिरवली. "एक... दोन... तीन."

हरण्या उठून दुसरीकडे गेला नाही.