माठावरची मोजणी

दुपारची जेवणं आटोपली की सुपडू शिटी फुंकायचा. कापसाच्या जिनिंगमधली माणसं माठाजवळ यायची, घोटभर पाणी प्यायची आणि सुपडू त्यांची डोकी मोजायचा. स्वतःला धरून अकरा भरली की मग यंत्रं चालू करायचं हिरवं बटण दाबायचा. शहाद्याच्या रस्त्यावरच्या केवलचंद शेठच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं असंच चाललं होतं. बावीस वर्षांत एकाचंही बोट गेलं नव्हतं.

शेडच्या मागे, निंबाखाली, आणखी एक माठ होता. मोलगीकडच्या डोंगरातून हंगामाला येणाऱ्या आठ आदिवासी बाया त्यातलं पाणी पीत. कापसातला कचरा वेचणं हे त्यांचं काम. यंत्राला त्यांचा हात लागत नसे, म्हणून त्यांना मोजायची पद्धतच पडली नव्हती. वेगळा माठ कुणी मांडला, हेही कुणी विचारत नसे. "त्यासले तठेच बरं वाटस," असं म्हणून सगळे मोकळे होत. सुपडूही.

यंदा नाली साफ करणारा माणूस सुरतला गेला. यंत्रांखालून ही कमरेएवढी खोल नाली जाते. तिच्यात लोखंडी स्क्रू फिरतो आणि सरकी पुढे ढकलतो. सरकी अडकली की कुणीतरी आत उतरायचं. रूपलीबाई अंगानं बारीक, म्हणून तिला उतरवू लागले.

सोमवारी अकरा डोकी भरली. सुपडूचा अंगठा बटणावर टेकला होता, तेवढ्यात त्याला नालीच्या तोंडाशी निळ्या प्लास्टिकच्या चपला दिसल्या.

"मझार कोन शे?" तो आत वाकून ओरडला.

सरकीतून रूपलीबाई वर आली. केसांत रुई अडकलेली.

"झालं, आप्पा," ती म्हणाली आणि चपला घालून मागे निघून गेली. तिला काही कळलंच नाही. बटण दाबलं असतं तर स्क्रू तिच्यावरच फिरला असता, हे सुपडूला मात्र कळलं होतं.

मागच्याच आठवड्यात शेठचा मुलगा अभिनंदन नाशिकहून एका मॅडमना घेऊन आला होता. मिळून काम कसं करायचं, ते त्यांनी दोन तास शिकवलं. पिवळ्या टोप्या वाटल्या. माठाच्या वर फलक लागला, 'आपण सगळे एक टीम'. टोप्या अकराच होत्या.

मंगळवारी सकाळी सुपडू ऑफिसात गेला.

"अभिनंदनभाऊ, त्या आठ जनीसले बी शिटीले माठवर बलावूत. नही तं एक दिन कोनतरी कापाई जाई."

अभिनंदनचा चेहरा उतरला. त्यानं वडिलांकडे पाहिलं.

"माठावरची माणसं रुसून गेली तर रुईच्या गाठी बांधायचं प्रेस कोण चालवेल?" केवलचंद शेठ शांतपणे म्हणाले. "तू मागे जाऊन मोज ना सुपडू. चार पावलं चालायला काय जातं?"

सुपडूला ते पटलं. खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. दुपारी तो मागे गेला, निंबाखाली आठ बाया मोजल्या. पुढे आला, माठावर अकरा मोजले. अंगठा बटणावर ठेवला. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं वाकून नालीत हाक मारली.

"कोन शे का रे?"

"मी शे, आप्पा."

रूपलीबाईचा आवाज अगदी पलीकडच्या टोकाकडून आला, जिथून पटकन वर येता येत नाही.

सुपडूनं बटणावरून अंगठा काढला आणि तिला कुणी उतरवलं ते विचारलं. पुढच्या बाजूला प्रेस चालवणारा जगदीश लोट्यानं पाणी पीत उभा होता.

"सरकी अडकेल व्हती. तुम्ही मोजीसन पुढे गयात आनि मी तिले धाडी दिनं," जगदीश म्हणाला. "त्यामा काय सांगानं?"

जगदीश वाईट माणूस नव्हता. रूपलीबाईला आत पाठवणं ही कुणाला सांगण्याजोगी गोष्ट आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी सुपडूनं चूल पेटवली नाही. दिवाळीत त्याची बायको जमनाबाई गेली, तेव्हापासून घरात त्याला कुणी काही विचारत नसे. तिचा शेवटचा दिवस त्याच्यासमोर येऊन बसला. दवाखान्यात ती पाणी मागत होती आणि तो औषध आणायला गेला होता. परत आला तेव्हा तिचे ओठ ओले होते. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या मोलगीकडच्या बाईनं आपल्या लोट्यातून तिला पाजलं होतं. सुपडूनं त्या बाईचं नावही विचारलं नाही.

बुधवारी त्यानं शिटी फुंकली आणि तो मागे गेला. बायांचा माठ खांद्यावर घेऊन आला आणि पहिल्या माठाशेजारी ठेवला. बाया घाबरून त्याच्यामागे आल्या. सगळ्यांच्या देखत तो त्यातलं पेलाभर पाणी प्यायला.

"आजपाईन मोजनी एकच."

मग जगदीश हसला.

"बाटी गयात, आप्पा. काकू ऱ्हातीस तं घरमा लेती नही तुमले."

सुपडूनं पेला माठावर पालथा घातला. बावीस वर्षं ज्यांच्यात बसला, ते सगळे त्याच्याकडे बघत होते. उद्या लग्नकार्यात याच लोकांच्या पंगतीला बसायचं होतं.

"तुन्ही काकूले शेवटलं पानी मोलगीकडनी बाईनी पाजं," तो म्हणाला. "मी कोनले सांगं नही. माले लाज वाटनी."

जगदीशचं हसू गेलं. त्यानं टोपी काढली आणि तो फाटकाकडे जाऊन उभा राहिला.

बाकीचे चुळबुळत जागच्या जागी राहिले. रूपलीबाई माठापासून तीन हात दूर उभी होती. सुपडूनं मोजलं. अठरा. त्यानं बटणावरचा हात काढला.

"सुपडू, ट्रक उभा आहे," शेठ दारातून म्हणाले. "जगदीशवाचून चालू कर."

"एकले बी सोडीसन चालू करत नही, शेठ. कालपावत मी तेच करी ऱ्हायंतू."

यंत्रं बंद असली की जिनिंगमध्ये चिमण्यांचा आवाज ऐकू येतो. तो बराच वेळ ऐकू येत राहिला. सुपडू बटणापाशीच उभा राहिला. शेवटी जगदीश आला. पाणी प्यायला नाही, कुणाकडे पाहिलं नाही. टोपी हातात धरून रूपलीबाईच्या पलीकडे उभा राहिला.

"एकोणीस," सुपडू म्हणाला.

मग वाकून त्यानं नालीत हाक मारली. आतून कुणी उत्तर दिलं नाही. तरी त्यानं बटण दाबलं नाही.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. या वेळी एकेकाचं नाव विचारत.