जावयाचे पाय

बारावीची परीक्षा देऊन चंद्रकला गावच्या दवाखान्यात फुकट काम मागायला गेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी खुर्ची दिली. "रोग्यांची नावं लिही, सर्टिफिकेट देतो," म्हणाले. तिनं खुर्ची मागं सारली आणि नर्सबाईंकडून हत्तीपायाच्या रोग्यांचे पाय धुवायचं काम मागून घेतलं.

आठव्या दिवशी तिचे वडील, धानाचे व्यापारी केशवराव, तणतणत आले. ओट्यावर पंचफुला बसली होती, त्यांच्याच गोदामात पोती शिवणारी. तिचा खांबासारखा सुजलेला पाय चंद्रकलाच्या मांडीवर होता, आणि ती फडक्यानं बोटांच्या बेचक्या कोरड्या करत होती.

"काहून वं, मजुरायचे पाय धुवाले शिकवलं का तुले? उठ!"

पंचफुला घाबरून पाय ओढू लागली. चंद्रकलानं तो घट्ट धरला.

"बाबा, ताईच्या लग्नात जावयाचे पाय तुमीच धुतले न? साऱ्या गावासमोर?"

"ती रीत हाय!"

"त्यायच्या पायाले तं काहीच झालं नव्हतं."

चंद्रकलानं रिकामा गडवा केशवरावांपुढं धरला.

"अजून एक पाय रायला हाय. तुमाले सवय हाय, पाणी आना."