दुपट्याचे तुकडे

शिवणखोलीत सगळ्यांत जुनी म्हणजे मावशी. वयानं सगळ्यांत लहान, तिला सगळ्या धाकटीच म्हणत. धाकटीच्या पोलक्यावरचा ओला डाग पहिल्यांदा मावशीलाच दिसला. तिनं हातातली कात्री खाली ठेवली.

“अगं, हे दूध! आणि पाळी?”

“चुकलीय,” धाकटी पुटपुटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नव्हती.

“मग तोंड कुणापासून लपवतेस? बायांनो, तुकडे काढा!”

खोलीची रीतच होती. कुणाला दिवस गेले, की प्रत्येकीनं आपल्या कापडातला एक तुकडा द्यायचा आणि त्यांचं दुपटं शिवायचं. आभाळी आला, फुलाफुलांचा आला. धाकटीनं स्वतःचा पिवळा जोडला. मशिनी धावू लागल्या नि मावशीनं सूर धरला:

आधी आलं दूध बाई, मागून येईल तान्हं,
उंबऱ्यात माझ्या उजळेल दिवसासुद्धा चांदणं.

धाकटीच्या नवऱ्यानं तर बाळाच्या झोळीसाठी दोरीही आणली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. “गर्भ नाहीये.”

“मग दूध?”

“रोज काही औषध घेता?”

धाकटीनं पिशवीतून पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. कामात जेवण टळायचं, छातीत जळजळायचं, म्हणून किती महिने ती गोळी घेत होती.

“क्वचित होतं असं. या गोळीनं एखादीचं दुधाचं हार्मोन वाढतं. मग पाळीही थांबते. शरीराला वाटतं, बाळ आहे. ही बंद करा, दुसरी देते. दूध हळूहळू आटेल. घाबरू नका, काळजीचं काही नाही.”

“काही नाही,” धाकटी म्हणाली.

वाटेत नवरा म्हणाला, “दोरी काय, कपडे वाळत घालायला होईल.”

दुसऱ्या दिवशी धाकटीनं दुपटं मांडीवर घेतलं आणि टाके उसवू लागली.

मावशीनं तिचा हात धरला. “राहू दे गं. माझ्याच जिभेला हाड नाही.”

“तुझं काय चुकलं मावशी? दूध तर खरंच होतं.”

एकेक तुकडा तिनं जिच्या तिच्या हाती परत दिला. कुणी घेताना वर पाहिलं नाही. पिवळा तेवढा उरला. तो तिनं घडी घालून पोलक्याच्या आत, ओल्या जागी ठेवला.

गोळ्या कालच फेकल्या होत्या. अजून थोडे दिवस तो तुकडा भिजणार होता.