एकशे चौऱ्याऐंशी की एकशे ब्याऐंशी

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात ड्रॉइंगच्या कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असत, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. चोवीस वर्षांपूर्वी त्या कामाला लागल्या तेव्हा 'ड्राफ्ट्समनची सून' होत्या. सासरे निवृत्त झाले आणि बाई नुसत्या बाई उरल्या. काम सरळ होतं. रुंद, उथळ खणांमध्ये नऊशेच्या वर ट्रेसिंग कागद आडवे ठेवलेले. कोणी मागितलं की खण उघडायचा, प्रिंट काढायची, वहीत सही घ्यायची आणि ट्रेसिंग जागच्या जागी ठेवायचं. चोवीस वर्षांत एकही कागद हरवला नव्हता. हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण न हरवलेल्या गोष्टीची चर्चा होत नाही.

मालकांनी ठरवलं की आता सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर न्यायची. ठरवणं सोपं होतं, पुढचं जड गेलं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्य इंजिनियरांनी, एका प्रदर्शनात एक महागडं सॉफ्टवेअर पाहिलं होतं आणि त्यांना तेच हवं होतं. डिझाइनच्या दोन मुलींचं म्हणणं, इंटरनेटवर एक फुकटचं मिळतं आणि ते काही कमी नाही. "फुकट ते पौष्टिक," असं मोठे साहेब तुच्छतेनं म्हणाले, आणि मुलींनी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसरं एक सॉफ्टवेअर जवळच्याच एका लहानशा विक्रेत्याचं होतं. त्याची बाजू घेणारं कोणी नव्हतं. चार बैठका झाल्या. पाचव्या बैठकीत मालक कंटाळले.

"बाईंना ठरवू दे," ते म्हणाले. "त्यांना यातलं काही कळत नाही, म्हणजे त्या कोणाच्या बाजूच्या नाहीत."

हे कौतुक की अपमान, ते बाईंना जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. उतरल्यावर त्यांनी तो विचार सोडून दिला आणि खण उघडला.

त्यांनी एकच ड्रॉइंग निवडलं: मधल्या आकाराच्या पंपाचं झाकण. गोल, जाड, काठाजवळ बोल्टसाठी सहा भोकं. सगळ्यात जास्त मागितलं जाणारं ड्रॉइंग तेच, एवढंच कारण. त्याची प्रिंट तिघांनाही दिली आणि सांगितलं, हे आमच्यासमोर करून दाखवा.

महागड्यावाला टाय लावून आला. बारा मिनिटांत त्यानं पडद्यावर असं चकचकीत झाकण उभं केलं की मालकांनी नकळत हात पुढे केला. मुलींनी फुकटच्यावर पंचवीस मिनिटं घेतली, पण केलं. लहान विक्रेत्याचा माणूस एकटाच आला. तोच विकणारा, तोच शिकवणारा. मध्येच तो थांबला, प्रिंटकडे बराच वेळ पाहत राहिला, मग काही न बोलता पुढे गेला. त्याचं झाकण अठरा मिनिटांत झालं. तिन्ही झाकणं सारखीच दिसत होती.

"आता?" मालकांनी विचारलं.

"आता मी स्वतः करून बघते," बाई म्हणाल्या. "मला जमलं तर कोणालाही जमेल."

तिन्ही सॉफ्टवेअर महिनाभर वापरून पाहायला मिळाली होती. घरी लेकीचा जुना लॅपटॉप पडून होता. महागडं त्यावर उघडतच नव्हतं, फुकटचं उघडून गोठत होतं. तिसरं तेवढं चाललं, म्हणून बाई तिसऱ्यापासून शिकायला लागल्या.

रोज संध्याकाळी भांडी आवरून झाली की त्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडत. समोर सासरे पेपर घेऊन बसत. ते एक्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांची नजर अजून शाबूत होती. पहिले तीन दिवस बाईंनी काढलेलं सगळं नाहीसं होत होतं. चौथ्या दिवशी कळलं, ते नाहीसं होत नव्हतं, माउसचं चाक उलटं फिरून टाचणीच्या टोकाएवढं होत होतं. हळूहळू अंदाज येत गेला. कागदावर रेघ ओढली की ओढली. इथं वर्तुळ काढलं तरी ते आधी मोकाट असतं. त्याला जागा द्यावी लागते, माप द्यावं लागतं. सगळं मिळालं की निळी रेघ काळी होते आणि मग ओढली तरी हलत नाही.

"पेन्सिलीला वीज लागत नाही," सासरे पेपरातून म्हणाले.

"पेन्सिलीला टोकही राहत नाही, बाबा."

त्यावर त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी झाकण घेतलं. त्यांची रीत साधी होती: कागदावर जितकी मापं आहेत तितकी सगळी द्यायची. जाणकार माणूस असं करत नाही. एक माप दिलं की दुसरं आपोआप येतं हे त्याला ठाऊक असतं, आणि जे आपोआप येतं ते तो कागदावर वाचतही नाही. बाईंना हे ठाऊक नव्हतं. समोरून काढलेल्या चित्रात लिहिलं होतं की सहा भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास एकशे चौऱ्याऐंशी. तो दिला. रेघा काळ्या झाल्या. खालच्या, झाकण मधोमध कापून दाखवलेल्या चित्रात मध्यापासून भोकापर्यंतचं अंतर होतं एक्याण्णव. तेही दिलं. सगळं लाल झालं.

त्यांनी पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा लाल. तीन संध्याकाळी हेच चाललं.

"हे यंत्रच बिघडलंय," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सासरे म्हणाले.

बाईंनी लॅपटॉप मिटला. पण झोपण्याआधी दात घासताना त्यांनी मनातल्या मनात एक्याण्णवची दुप्पट केली. एकशे ब्याऐंशी. तोंडात फेस तसाच ठेवून त्या आरशात बघत राहिल्या. अंगण खरंच वाकडं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी व्हर्नियर मागून घेतला आणि तयार मालाच्या फळीवरचं एक झाकण मोजलं. समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर एकशे ब्याऐंशी. दुसरं मोजलं, तेवढंच. पाचवं मोजत असताना मागून ड्रिलमामा आले. ते ड्रिल मशीनवर तीस वर्षं होते आणि या वर्षाअखेर निवृत्त होणार होते.

"काय शोधताय, बाई?"

"मामा, ड्रॉइंगवर एकशे चौऱ्याऐंशी आहे. तुम्ही ब्याऐंशी करता."

"मग? ब्याऐंशीच बसतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मामांनी हात फडक्याला पुसले. "तुमच्या सासऱ्यांनीच. पहिलं झाकण करायच्या आधी स्वतः खाली आले होते. म्हणाले, प्रिंटवर काही असो, तू ब्याऐंशी धर. मी त्या मापाचा जिग, म्हणजे भोकांचा साचा, करून घेतला. तेव्हापासून मी प्रिंट बघतच नाही, जिग ठेवतो आणि भोकं पाडतो."

"आणि ड्रॉइंग?"

"म्हणाले होते, दुरुस्त करतो. केलं असेल म्हटलं. तो आपला प्रांत नाही."

बाई वर आल्या आणि मूळ ट्रेसिंग काढून खिडकीच्या काचेवर धरलं. चोवीस वर्षांत त्यांनी ते शेकडो वेळा हाताळलं होतं, पण उजेडात धरून कधी पाहिलं नव्हतं. एकशे चौऱ्याऐंशीच्या आकड्याखाली कागद इतका खरवडला गेला होता की बाहेरचं झाड दिसत होतं. खालचं एक्याण्णवही खरवडून लिहिलेलं होतं, पण एकदाच.

घरी गेल्यावर कसं बोलावं याचा त्यांनी बसमध्ये विचार केला. ज्या माणसानं आपल्याला नोकरी लावली, ज्याच्या ड्रॉइंगचं नाव अजून कारखान्यात निघतं, त्याला त्याची चूक सांगायची, तीही ट्रेसिंगवरच्या तारखेपासून अठ्ठावीस वर्षांनी. काही सुचलं नाही. शेवटी चहा देता देता त्यांनी सांगूनच टाकलं.

"बाबा, मधल्या पंपाचं झाकण. व्यास एक आहे आणि खाली अंतर दुसरंच आहे."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "त्या जागी कागद पातळ झाला होता," ते म्हणाले.

"पाहिला मी."

"गिऱ्हाइकानं माप दोनदा बदललं. दोनदा ब्लेडनं शाई खरवडली. तिसऱ्यांदा मीच चुकलो, चौऱ्याऐंशी लिहिलं. लक्षात आलं तेव्हा खालचं बदलून घेतलं. वरचं खरवडलं असतं तर भोक पडलं असतं. म्हणजे सगळं ट्रेसिंग नव्यानं, चार दिवसांचं काम. माल तर त्याच आठवड्यात हवा होता. म्हटलं, खाली जाऊन सांगून येऊ, मग सवडीनं करू."

"मग सवड झालीच नाही."

"सवड झाली. तोवर झाकणं बरोबर यायला लागली होती." त्यांनी कपाचा कान फिरवून आपल्याकडे केला. "रोज आठवत होतं असं नाही. पण विसरलो होतो असंही नाही. आता हे तू मालकाला सांगणार."

"सांगावं लागेल. ही झाकणं पुढच्या महिन्यात बाहेरच्या वर्कशॉपला करायला द्यायची आहेत. चाळीस नग. त्यांच्याकडे ना मामा आहेत, ना जिग."

"मग सांग," ते म्हणाले. "नाव घालून सांग."

मालकांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की ऑर्डर गेली का. गेली नव्हती. त्यानंतर त्यांना त्यात फारसा रस उरला नाही. मोठे साहेब मात्र म्हणाले की जुन्या लोकांचं असंच असे. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तिघांनी करून दाखवलेली झाकणं पडद्यावर एकेक उघडून मोजली. महागड्यावरचं एकशे चौऱ्याऐंशी. मुलींचं एकशे चौऱ्याऐंशी. लहान विक्रेत्याचं एकशे ब्याऐंशी.

त्यांनी त्याला फोन लावला.

"तुम्ही एकशे ब्याऐंशी का घेतलंत?"

"दोन मापं जुळत नव्हती, बाई. खालचं खाडाखोड करून नव्यानं लिहिल्यासारखं वाटलं. म्हटलं, तेच खरं असणार."

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"समोर सगळे बसले होते. गिऱ्हाइकाची चूक पहिल्याच भेटीत काढली तर गिऱ्हाईक कशाला राहील?"

बाईंनी दोन दिवस विचार केला. एका माणसाला दिसलं आणि तो गप्प बसला. बाकीच्यांना दिसलंच नाही. यात बरं कोण, हे ठरवणं सोपं नव्हतं, आणि घरात समोरच तसा एक माणूस रोज पेपर वाचत बसलेला. मापं जुळली नाहीत की लाल रेघ तिन्ही सॉफ्टवेअर दाखवतात, याचीही त्यांनी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर खात्री करून घेतली. म्हणजे प्रश्न सॉफ्टवेअरचा कमी आणि शिकवणाऱ्याचा जास्त होता. तिसरं जुन्या कॉम्प्युटरवरही चालत होतं, बाहेरच्या वर्कशॉपला त्याच्या फाइली उघडता येत होत्या, आणि ते त्यांना स्वतःला आलं होतं. त्यांनी तिसरं निवडलं आणि अट घातली: शिकवायला तोच माणूस येईल, आणि कागदात खोट दिसली तर तिथल्या तिथे बोलेल, समोर कोणीही बसलेलं असो.

"लिहून देऊ का?" त्यानं विचारलं.

"नको. बोला म्हणजे झालं."

मोठे साहेब आठवडाभर नाराज होते. मुलींनी फुकटचं घरी ठेवलं आणि तिसरं बाईंच्या आधी शिकून घेतलं. त्यात नवल काही नव्हतं. झाकणाचं नवं ड्रॉइंग बाईंनी स्वतः केलं. कोपऱ्यात दुरुस्तीची चौकट असते, तिच्यात काय बदललं आणि का, ते लिहायचं असतं.

"काय लिहिलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"भोकांच्या वर्तुळाचा व्यास दुरुस्त."

"आणि माझं नाव?"

"तेवढी जागा नसते चौकटीत, बाबा."

ते पटलं नाही त्यांना. दोन-तीन दिवस ते घुश्शात होते. मग एका संध्याकाळी त्यांनी खुर्ची टेबलाच्या त्या बाजूनं ओढून या बाजूला आणली आणि विचारलं की रेघ काळी झाली म्हणजे नक्की काय झालं. बाईंनी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटल्याची की नुसतीच, ते कळलं नाही.

बाहेरून चाळीस झाकणं आली, बसली. मामा वर्षाअखेरीला निवृत्त झाले. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर न्यायला दीड वर्ष लागलं. त्यात न जुळणारी मापं एकतीस ठिकाणी सापडली. त्यांतली चार सासऱ्यांच्या हातची निघाली, अकरा मोठ्या साहेबांच्या, आणि उरलेली अशांची की ज्यांना आता विचारायची सोय नव्हती. बाईंनी यादी केली, तारखा घातल्या, नावं घातली नाहीत. मोठ्या साहेबांनी ती एकदा वाचली आणि दारातच उभं राहून विचारलं, बाई, यातली माझी कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे ना. त्या म्हणाल्या, हो. ते म्हणाले, बरं, आणि आपल्या टेबलाकडे गेले.